मटकी उकळलेलं पाणी ओतून दिलं तर लोह जातं का?

कोथरूडची_सून: सासूबाईंचं हिमोग्लोबिन कमी आलंय, डॉक्टर म्हणाले कडधान्यं वाढवा. मोड आलेली मटकी मंडईतून आणतोच, पण जाऊबाई ती भरपूर पाण्यात उकळतात आणि पाणी सिंकमध्ये ओततात, का तर गॅस होतो. मी म्हटलं कुकर लावू, तर म्हणे कुकरमध्ये सगळं सत्त्व मरतं. खरं काय हो?

पेठेतला_बल्लव: ताई, कुकरने लोह मरत नाही. लोह, झिंक, पोटॅशियम ही मूलद्रव्यं आहेत, कुकरच्या १२० अंशांत त्यांना काही होत नाही, उष्णतेने मार बसतो तो फोलेटसारख्या जीवनसत्त्वांना. खनिजं जातात ती पाण्यात उतरून, पोटॅशियम सगळ्यात जास्त, लोह त्यामानाने दाण्यात टिकतं. म्हणून बेताच्या पाण्यात कुकर लावा आणि उरलेलं पाणी उसळीच्या रश्श्यातच घाला. पुरणाची डाळ उपसल्यावर कट आपण टाकतो का, आमटीच करतो ना!

उसळप्रेमी: +१, पण भिजवलेलं पाणी मात्र खुशाल ओता, गॅस करणाऱ्या साखरा त्यात बऱ्याच उतरतात, जाऊबाईंचंही समाधान होईल. आणि खरा अडसर आहे फायटिक अ‍ॅसिड, ते लोह आणि झिंकला धरून ठेवतं मग दाण्यात लोह असूनही अंगी लागत नाही. भिजवून मोड आणले की दाण्यातलंच एन्झाइम ते फोडायला लागतं, त्यामुळे तुमची मोडाची मटकी उत्तमच आहे. वाढताना वरून लिंबू पिळा, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा अजिबात नको, तासभर तरी थांबा.

सिंहगडरोड_७८: एक सांगतो, आमच्या वडिलांना किडनीचा त्रास आहे, त्यांच्या आहारतज्ज्ञांनी कडधान्य उकळून पाणी टाकायलाच सांगितलंय, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. तेव्हा सासूबाईंना तसं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, वरचं सगळं सरसकट लागू करू नका.

कोथरूडची_सून: नाही नाही, किडनी ठीक आहे, रिपोर्ट बघितलेत. खूप थँक्यू सगळ्यांना. आणि छोल्यांना सोडा घातला तर चालतो का?

उसळप्रेमी: शक्यतो नको, बी१ जीवनसत्त्व जातं सोड्याने. त्यापेक्षा भिजवतानाच पाण्यात चमचाभर मीठ घाला, सालं मऊ पडतात, मग कुकरला छान शिजतात.