कौतुकाला उत्तर : ‘काहीतरीच’, ‘धन्यवाद’ आणि ‘बरे वाटले’

प्रश्न (अमळनेर)

कोणी आपल्या कामाचे, स्वयंपाकाचे, अक्षराचे किंवा मुलांच्या यशाचे तोंडावर कौतुक केले, तर मराठीत त्याला रूढ आणि शोभेसे उत्तर कोणते? ‘धन्यवाद’ म्हटले तर घरच्या माणसांना ते परके वाटते आणि ‘छे, काहीतरीच!’ म्हटले तर समोरच्याचे बोलणे खोडून काढल्यासारखे होते. शाळेत संवादलेखन शिकवताना मुले हा प्रश्न हमखास विचारतात. शिवाय ‘कौतुक स्वीकारले’ असा प्रयोग अलीकडे वाचनात येतो. तो बरोबर मानावा का? अहिराणीत यासाठी काही वेगळी रीत आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (धुळे)

आधी शब्दांकडे पाहू, कारण स्तुतीचा शब्द बदलला की तिचे उत्तरही बदलते. ‘शाबास’ हा शब्द फारसीतील ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’, या आशीर्वादातून आला आहे. शाबासकी नेहमी वयाने, ज्ञानाने किंवा अधिकाराने मोठ्या असलेल्या माणसाकडून मिळते, आणि नमस्कार केला किंवा नुसते हसले तरी तिचे उत्तर पुरे होते. ‘दाद’ हाही फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ न्याय असा आहे; न्यायालयात आपण जी दाद मागतो ती हीच. गाण्याला दाद देणे म्हणजे त्या गाण्याच्या गुणांना न्याय देणे, आणि म्हणून दाद देणारा स्वतः जाणकार असावा ही अपेक्षा त्या शब्दातच आहे. मैफलीत दाद मिळाल्यावर गायक किंचित झुकतो किंवा हात कपाळाकडे नेतो आणि गाणे पुढे चालू ठेवतो. तेथे शब्दांनी आभार मानण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ‘वाखाणणे’ हे क्रियापद संस्कृत ‘व्याख्यान’ या शब्दापासून, तर ‘तारीफ’ हा शब्द ओळख करून देणे, वर्णन करणे अशा अर्थाच्या अरबी शब्दापासून आलेला आहे. दोन वेगळ्या भाषांतून आलेल्या या शब्दांत एकच कल्पना आहे की गुण उलगडून सांगितला म्हणजे स्तुती झाली. वाखाणणी बहुधा माणसाच्या माघारी होते आणि तिचा निरोप तिसराच कोणीतरी आणतो; अशा वेळी ‘त्यांनी आठवण ठेवली, बरे वाटले म्हणून सांगा’ एवढे निरोप्याकडे देणे हीच रीत आहे. ‘स्तुती’ मात्र देवाची शोभते. माणसाच्या बाबतीत हा शब्द लवकरच ‘स्तुतिपाठक’ या टोकाकडे झुकतो, म्हणून ‘आपण माझी स्तुती केलीत’ हे वाक्य उत्तरात वापरू नये. त्यात समोरच्याने खुशामत केली असा गर्भित अर्थ निघू शकतो.

राहिला ‘कौतुक’ हा शब्द, आणि रोजच्या बोलण्यात खरा संबंध त्याच्याशीच येतो. संस्कृतात ‘कौतुक’ म्हणजे कुतूहल, उत्सुकता. विवाहात मनगटाला बांधायच्या मंगल धाग्यालाही कौतुक म्हणत. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीत हा शब्द नवल, लीला, आवड अशा छटांनी आला आहे. आजच्या मराठीत त्याला जो मायेचा ओलावा आहे, तो या नवलातूनच आलेला आहे असे मला वाटते. ज्याचे कौतुक करायचे त्याच्याकडे आपण आधी नवलाने पाहतो, आणि ते पाहणे आपुलकीचे असते. ‘कोडकौतुक’ हा जोडशब्द लेकरांसाठी आणि नव्या सुनेसाठी वापरतात तो याच कारणाने.

आता क्रियापदे पाहावीत. शाबासकी देतात, दाद देतात, प्रशस्तिपत्र देतात; कौतुक मात्र करतात, आणि मनात असते तेव्हा ते वाटते. जी वस्तू कोणी देतो ती घेता येते किंवा नाकारता येते. जे कोणी करतो किंवा ज्याला जे वाटते, त्यात घेण्यासारखे किंवा परत करण्यासारखे काही नसते. त्यामुळे ‘कौतुक स्वीकारले’ हा प्रयोग व्याकरणाने अशुद्ध नसला, तरी मराठीच्या वळणाचा नाही. पुरस्कार स्वीकारावा, सत्कार स्वीकारावा, राजीनामाही स्वीकारावा. कौतुकाबद्दल लिहिताना ‘सगळ्यांनी कौतुक केले, फार बरे वाटले’ असे लिहिणे मला अधिक योग्य वाटते. या क्रियापदाच्या फरकातून मूळ प्रश्नाची दिशाही कळते. समोरच्याने आपल्या हातात काही ठेवलेले नाही, त्याने आपल्या मनातले सांगितले आहे. म्हणून ते खरे की खोटे, जास्त की कमी, याचा निवाडा उत्तरात करण्याचे कारणच उरत नाही.

नेमका हाच निवाडा ‘काहीतरीच!’ या उत्तरात होतो. ‘काहीतरीच’ म्हणजे भलतेच, अवास्तव. दोन मैत्रिणींमध्ये हा शब्द लाजून, हसत उच्चारला जातो तेव्हा त्यात गोडवा असतो आणि कोणी त्याचा अर्थ शब्दशः घेत नाही. तोच शब्द पत्रात किंवा भ्रमणध्वनीवरील लेखी निरोपात उतरला की स्वर गळून पडतो आणि ‘तुमचे म्हणणे भलतेच आहे’ एवढाच अर्थ उरतो. ‘मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका’ हे उत्तरही याच जातीचे आहे. हरभऱ्याचे रोप गुडघ्याएवढेही क्वचितच वाढते, त्यावर चढवणे म्हणजे खोटी स्तुती करून फसवणे. ज्याने मनापासून चार शब्द बोलले त्याला हे ऐकवणे कठोर आहे, आणि जुन्या मित्राखेरीज कोणाला ते म्हणू नये. ‘त्यात काय एवढे!’ या उत्तराचा दोष निराळा आहे. त्याने समोरच्याचा अपमान होत नाही, पण ज्या कामाला चार रात्री जागल्या त्या कामाचेच मोल कमी होते, आणि त्या कामात आपल्याबरोबर राबलेल्या इतरांचेही.

‘धन्यवाद’ या शब्दाबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे. तो परका आहे, हिंदीतून आला आहे, कोरडा आहे, असे बरेच जण म्हणतात. ‘धन्य’ असे म्हणणे तो धन्यवाद. म्हणजे हा शब्द स्वतःच एक स्तुती आहे, आणि स्तुतीला धन्यवादाने उत्तर देणे म्हणजे समोरच्यालाही धन्य म्हणणे होय. कोरडेपणा येतो तो शब्दामुळे येत नाही. तो एकटाच उच्चारून पुढचे बोलणे तोडले जाते, त्यामुळे येतो. ‘धन्यवाद. तुम्ही नकाशांचा उल्लेख केलात, त्यांवरच सर्वांत जास्त वेळ गेला होता’ असे दुसरे वाक्य जोडले की तोच शब्द जिवंत होतो. प्रयोगाबद्दल एवढेच सांगतो की धन्यवाद द्यावेत आणि आभार मानावेत. ‘आभार देतो’ आणि ‘धन्यवाद मानतो’ हे दोन्ही टाळावेत, आणि ‘आभार’ नेहमी अनेकवचनी चालवावा.

घरच्या, ओळखीच्या माणसांसाठी माझ्या मते ‘बरे वाटले’ यासारखे उत्तर मराठीत दुसरे नाही. त्यात खोटा विनय नाही, फुशारकी नाही, आणि बोलणाऱ्याचे बोलणे पोहोचले याची पावती आहे. खोट्या विनयाला आपण ‘मानभावीपणा’ म्हणतो, पण तो शब्द ‘महानुभाव’ या पंथनामाच्या अपभ्रंशातून आलेला असून एका संपूर्ण पंथावर अन्याय करणारा आहे. खानदेशात या पंथाची माणसे आपल्या शेजारी राहतात. मी तो शब्द वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नये असे मला मनापासून वाटते.

पुरवणी (शिरपूर)

अहिराणीविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. बोलीचे रूप गावागणिक थोडे बदलते, तरी कौतुकाला उत्तर देण्याची एक रीत धुळे, नंदुरबार आणि पश्चिम जळगाव या भागांत मला सगळीकडे सारखी आढळली आहे. येथे माणूस कौतुक नाकारत नाही. तो ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर करतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशीचे उदाहरण घ्या. माहेरवाशिणी आलेल्या असतात, ओसरीवर पंगत बसलेली असते, आणि चुलीवर खापर उपडे ठेवलेले असते. मांडे करणारी मावशी पुरण भरलेला उंडा तळव्यांवर घेते, तो हातांवरून कोपरांपर्यंत झेलत झेलत एवढा पातळ करते की त्यातून पलीकडचे दिसावे, आणि एका झटक्यात खापरावर टाकते. पुण्याहून आलेला पाहुणा म्हणतो, ‘मावशी, असा मांडा मी आजवर कुठे खाल्ला नाही.’ मावशी मान वर न करता म्हणते, ‘त्यामा मन्हं काय शे? गहू चांगला व्हता,’ आणि पुढचा मांडा त्याच्याच ताटात पडतो. ‘त्यात माझे काय आहे?’ हा या वाक्याचा शब्दार्थ झाला. मांडा चांगला झाला नाही, असे ती म्हणत नाही. पाहुण्याची चव खरी ठरते, गव्हाचा मान राहतो, ज्याने तो गहू पिकवला त्यालाही वाटा मिळतो, आणि दुसरा मांडा हेच खरे उत्तर असते.

वडीलधाऱ्यांनी कौतुक केले तर ‘तुमना आशीर्वाद शे’ असे म्हणतात. नाना, आप्पा, जिभाऊ असे ज्यांना आपण संबोधतो, त्यांच्यासाठीच हे उत्तर आहे. वयाने लहान असलेल्याने कौतुक केले आणि त्याला ‘तुमचा आशीर्वाद’ म्हटले, तर ते दोघांनाही विचित्र वाटते. तेथे त्याचे नाव घेऊन ‘तूही पुढच्या खेपेला बरोबर ये’ असे काही म्हणणे आमच्याकडे रूढ आहे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. तान्ह्या मुलाचे कौतुक झाले आणि आई गप्प राहिली, किंवा तिने बोलता बोलता लेकराच्या गालावरच्या तिटेला बोट लावले, तर त्यात उद्धटपणा नसतो. दृष्ट लागण्याची भीती ज्या घरात अजून आहे, त्या घरात मौन हेच सभ्य उत्तर आहे, आणि पाहुण्यानेही ते समजून घ्यावे.

आक्षेप (जळगाव)

गव्हाला श्रेय देण्याची ही रीत ऐकायला गोड आहे. पण तिचा भार बहुतेक वेळा बायकांवरच पडतो, हे कोणीतरी स्पष्ट लिहायला हवे. माझ्या माहितीतील एका मुलीला नोकरीच्या मुलाखतीत विचारले गेले की हा प्रकल्प फार चांगला झाला आहे, तो कोणी केला? ती म्हणाली, ‘माझे त्यात काही विशेष नाही, सरांनी मार्गदर्शन केले.’ काम तिचे होते. मुलाखत घेणाऱ्यांनी तिचे म्हणणे खरे मानले. ज्यांना ही रीत माहीत नाही, त्यांच्यासमोर अशा उत्तराने नुकसान होते. मुलींना लहानपणापासून ‘त्यात काय’ म्हणायला शिकवायचे आणि पुढे त्या मागे का राहतात म्हणून विचारायचे, हे मला पटत नाही.

उत्तर (धुळे)

आक्षेप पूर्णपणे मान्य आहे, आणि तो शब्दचर्चेच्या बाहेरचा मुळीच नाही. मुलाखतीतील ‘छान झाले आहे’ हे वाक्य रूपाने कौतुकाचे असले तरी कार्याने तो प्रश्न असतो. विचारणाऱ्याला माहिती हवी असते. प्रश्नाला कौतुकाचे उत्तर देणे ही भाषेच्या वापरातली चूक आहे. तेथे ‘हो, हे काम मी केले. पाण्याचे नमुने घेणे आणि त्यांची तपासणी माझ्याकडे होती. मांडणीत सरांनी मदत केली’ असे सरळ सांगावे. यात सरांचा उल्लेख राहतो आणि आपला वाटाही नेमका कळतो. शिरपूरच्या मावशींच्या उत्तरात पाहुणा स्वतःच्या डोळ्यांनी मांडा होताना पाहत होता, म्हणून श्रेय गव्हाला दिले तरी ते खरे कोणाचे, याबद्दल शंका नव्हती. ज्याने काम होताना पाहिलेले नाही, त्याच्यासमोर हा विनय अर्धवट माहिती ठरतो. संवादलेखनाच्या तासाला हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून शिकवावेत, आणि त्यांतल्या मुलाखतीत उत्तर देण्याची भूमिका एखाद्या मुलीला द्यावी, असे मी सुचवीन.

आणखी एक प्रश्न (चोपडा)

आमच्या शाळेतील ज्येष्ठ शिक्षक निवृत्त होत आहेत. निरोप समारंभाच्या पत्रिकेत ‘सरांचे कौतुक करण्यासाठी’ असे लिहावे का? काही जणांचे म्हणणे आहे की लहानांनी मोठ्यांचे कौतुक करू नये.

उत्तर (धुळे)

तसा नियम कोशात नाही, पण कानाला खटकते हे खरे. कौतुकात बघणाऱ्याची नजर थोडी वरून येते. म्हणून आईचे, गुरूंचे कौतुक मनात वाटू द्यावे, पण पत्रिकेत ‘गौरव’ किंवा ‘कृतज्ञता’ लिहावे. ‘सरांच्या छत्तीस वर्षांच्या अध्यापनसेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी’ अशा धाटणीची रचना, वर्षांचा आकडा बदलून, चालेल. सर भाषणाला उभे राहतील त्या क्रमाला कार्यक्रमपत्रिकेत ‘सत्कारास उत्तर’ असे लिहावे. हा प्रयोग जुना आणि रूढ आहे, आणि जाहीर गौरवाला जाहीर उत्तर द्यायचे असते ही आपली पद्धत त्यात आलेली आहे. ‘मनोगत’ हा शब्द हल्ली त्या जागी सर्रास छापतात. तोही चुकीचा नाही, पण मनोगत कोणीही, कधीही व्यक्त करू शकतो, उत्तर मात्र ज्याचा सत्कार झाला त्यानेच द्यायचे असते, म्हणून माझी पसंती पहिल्या शब्दाला आहे.