सातारा हिल हाफ २:१५ च्या आत काढायचीय, चढाला किती जोर लावू?

कोयनाकाठची:
नमस्कार मंडळी. मी कराडची, वय ४१, चार वर्षांपासून पळतेय. सपाटीवर माझी बेस्ट हाफ मॅरेथॉन (२१ किमी) २ तास ४ मिनिटांची आहे. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ दुसऱ्यांदा करणारे आणि यंदा काहीही करून २:१५ च्या आत यायचंय. मागच्या वर्षी लै हौसेनं घाट चढले, यवतेश्वरला लोकांना ओव्हरटेक करताना एवढं भारी वाटत होतं की काय सांगू, अर्ध्यावर जिथनं परत फिरतो त्या वळणावर घड्याळात १:०९. म्हटलं आता काय, उतारच तर आहे. आणि मग उतरायलाच १:१५ लागले!! म्हणजे चढायला कमी वेळ आणि उतरायला जास्त, घरी नवऱ्याला सांगितलं तर तो अजून हसतोय. सोळाव्या किलोमीटरपासून मांड्या अशा झाल्या की पाय टाकला की गुडघा आपोआप दुमडायचा, शेवटी साताऱ्यात तर एक आजोबा वॉकिंग करत माझ्या पुढं गेले. दम अजिबात लागला नव्हता, पायच संपले होते. रोजचं पळणं प्रीतिसंगमाच्या बाजूला, सगळं सपाट. रविवारी आगाशिव चढते कधीकधी. अजून नऊ आठवडे आहेत. काय बदलू?

घाटवेडा:
ताई तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, दम लागला नव्हता पण पाय संपले. चढानं दम जातो, उताराने मांड्या जातात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, प्रत्येक पावलाला, त्यानं आतून बारीक बारीक इजा होते. सपाटीवर कितीही किलोमीटर काढा, त्याची सवय लागत नाही. चांगली गोष्ट अशी की उताराचं एक बऱ्यापैकी सेशन झालं की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढे दुखावत नाहीत. पहिल्या वेळी दोन दिवस जिना उतरता येणार नाही, दुसऱ्या वेळी निम्मं पण दुखत नाही. तुम्हाला सातारा पन्नास किमी आहे, दोन-तीन आठवड्यांतून एकदा रविवारी गाडी घेऊन या, समर्थ मंदिराच्या पुढं लावा, घाट आरामात चढा (चालत चढलात तरी चालेल) आणि खाली रेसच्या स्पीडनं पळा. शेवटचं असं सेशन रेसच्या साधारण तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही. आगाशिव दमासाठी मस्त आहे पण पायवाटेवरनं आपण जपून उतरतो, डांबरावरच्या उताराची तयारी त्यानं होत नाही.

आणि लेस. उतारावर पाय बुटात पुढं सरकतो, नखं काळी पडतात. सगळ्यात वरच्या भोकातनं लूप काढून लॉक बांधा.

हिशोबी_पळपुटा:
२:१५ म्हणजे सरासरी ६:२४ ची पेस (एका किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद). माझं गणित असं: वळणापर्यंत १:१४, म्हणजे सातच्या आतबाहेर, आणि परत १:०१, म्हणजे ५:४७. तुमची सपाटीची हाफच ५:५३ नं आहे म्हणजे उतारावर ५:४७ काही आभाळातनं आणायची नाहीये. मागच्या वेळी चढावर ५ मिनिटं वाचवली आणि उतारावर १४ घालवली, एवढं महाग कर्ज सावकार पण देत नाही.
घाटात घड्याळाची लाइव्ह पेस बघू नका, नागमोडी वळणांवर जीपीएस गंडतं, कधी ५:३० दाखवेल कधी ८:००. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर हातानं लॅप दाबा. आणि नेट टाइम बघा, तुमची वेळ मोजणारी चिप स्टार्टच्या मॅटवरनं गेल्यावर सुरू होते, मागं उभं राहिलात म्हणून पहिल्या किलोमीटरला गर्दीतनं नागमोडी पळायची गरज नाही.

माणदेशी_काका:
मी साठीचा, ही रेस सहा वेळा केलीय त्यामुळं दोन शब्द. गणित ठीक आहे पण चढावर पेस बघायचीच कशाला? तोंडानं बोलता आलं पाहिजे, एवढंच. शेजारच्याला "कुठनं आलाय" विचारायचं, पूर्ण वाक्य निघालं तर बरोबर चाललंय, नुसतं "कु" निघालं तर गती कमी करायची. पाऊल छोटं, हात हलते, नजर पुढच्या दहा फुटांवर, वर बघायचं नाही, वर बघितलं की घाट लांबतो. पोरी, दुसरी गोष्ट लक्षात ठेव, यवतेश्वर आलं म्हणजे चढ संपला असं नाही. नवीन लोक तिथं फसतात. पठारावर प्रकृती रिसॉर्टच्या, म्हणजे परत फिरायच्या वळणापर्यंत रस्ता वरखाली करत जातो, आणि परत येताना तेच छोटे चढ उलट्या बाजूनं लागतात. खरा उतार घाटाच्या तोंडाशी सुरू होतो. तिथं टाच आपटत मागं रेलू नकोस, किंचित पुढं झुकायचं आणि पावलं भराभर टाकायची.
आमच्या माणातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल पळली, तेव्हा सातारच्या मातीत पाय आहेत, काळजी नको.

सिंहगड_रोज:
थोडं अवांतर पण प्रकृतीवरनं वळतो म्हणजे कासची फुलं दिसत नाहीत ना?? बायकोला तेच सांगून रजिस्ट्रेशन केलंय.

माणदेशी_काका:
नाही दिसत. पठार अजून बरंच पुढं. दुसऱ्या दिवशी तंगड्या ओढत जावा, आणि फुलांसाठी बुकिंग आधी करून ठेवा.

हिशोबी_पळपुटा:
रजिस्ट्रेशनचं तर झालंच, आता मांड्यांचं बायकोला काय सांगणार ते ठरवा.

कोयनाकाठची:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. तीन वेळा यवतेश्वर करून आले. पहिल्यांदा खरंच दोन दिवस बँकेत खुर्चीवर बसताना टेबल धरत होते, तिसऱ्या वेळी सोमवारी काहीच नाही. आता रेसनंतर लिहिते.

कोयनाकाठची:
झाली रेस. सकाळपासून भुरभुर, घाटात धुकं एवढं की पुढच्या माणसाचा फक्त बिबचा (नंबरच्या कागदाचा) पांढरा चौकोन दिसत होता. काकांचं ऐकून शेजारणीशी गप्पा मारत चढले, ती सांगलीची निघाली, तिच्या सुनेपर्यंतची सगळी माहिती झाली. लोक धडाधड पुढं जात होते, पोटात कालवत होतं पण सोडलं जाऊ दे. वळणाला १:१४:२०. वरच्या गावातली पोरं ओल्या हातानं टाळ्या द्यायला उभी, एका मावशीनं पदराखालून साखर दिली. मग उतार, आणि मांड्या शाबूत! मागच्या वर्षी जिथं गुडघा दुमडत होता तिथं मी लोकांना मागं टाकत होते, चढावर पुढं गेलेले कित्येक जण घाटात चालताना सापडले.
टाइम २:१५:४१.
४१ सेकंद. आणि ते कुठं गेले ते मला नेमकं माहितीये. उतार सुरू व्हायच्या आधी घाटाच्या तोंडाशी कठड्याला टेकून लेस लॉक करायला थांबले, गारठ्यानं बोटं बधिर, लूपमधनं टोक जाईना, एका पोलीस दादांनी शेवटी बॅटरी दाखवली. मिनिटभर गेलं.

घाटवेडा:
अहो ताई लॉक घरातनं निघतानाच बांधायचं असतं!! रेसमध्ये थांबून बांधा असं मी कुठं लिहिलं?

कोयनाकाठची:
घरातनं बांधा असं पण कुठं लिहिलंय, वर जाऊन वाचा.