गळतंय की घाम?
बोटीवर गोरटेक्सचं (पाणी अडवणारं, पण घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड) महागडं जाकीट घालूनही आतून ओलं होतं, म्हणजे ते गळतंय का, असं एकाने विचारलंय. बहुधा घामच असणार. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असेल तरच वाफ बाहेर पडते. मे महिन्यात मुंबई बंदरात तो फरक राहतो कुठे? तिथे पातळ, सैल स्प्रे-टॉप (पाण्याचे तुषार अडवणारं हलकं जाकीट) पुरे.

कापडावरून पाणी थेंब होऊन घरंगळायचं थांबलं, तर आधी मीठ काढा, ते ओल धरून ठेवतं. गोड्या पाण्यात खळबळून, सौम्य साबणाने. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको! लेबलवर चालत असेल तर ड्रायर कमी तापमानावर. पाणी झटकणारा थर पुष्कळदा परत काम करू लागतो. नाहीतर तो थर नव्याने देणारा फवारा आहेच. ओलं जाकीट गाडीच्या डिकीत मात्र कोंबू नका, पीयू कोटिंगचे (आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा जलरोधक थर) पापुद्रे सुटले की इलाज नाही.