मदत हवी आहे : अनुदानाला कात्री, प्रौढांचं दिवस-केंद्र कसं चालवायचं?
बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचं दिवस-केंद्र चालवते. अनुदान घटलं. समिती म्हणते, मदतनीस कमी करा, नाहीतर ने-आण करणारी गाडी बंद करा. गाडी गेली की थकलेल्या आईवडिलांची मुलं आधी घरी बसणार, म्हणजे खरी गरज असलेलीच. मदतनीस कमी केले तर फीट येणाऱ्यांजवळ, भरवावं लागणाऱ्यांजवळ कोण बसणार? दिवस कमी करायलाही मन धजत नाही. आमच्याकडे येणारा एकजण सुट्टीलाही चपला घालून दारात उभा असतो, कितीही समजावा.

कोणी दुसऱ्या संस्थेबरोबर गाडी सामायिक चालवता का? वेळा, विमा, इंधनाचा हिशेब कसा बसवलात? स्वयंसेवकांवर भागवा, हे कृपया सांगू नका. शौचाला न्यायला, औषध द्यायला रोजचं, ओळखीचंच माणूस लागतं.