कार्ड टाकलंय, मग वीजही द्या
कॉम्प्युटरमध्ये यूएसबी ३.० कार्ड (जादा यूएसबी पोर्ट देणारं) टाकलं, पण बाहेरची हार्ड डिस्क कॉपी करतानाच गायब होते, असं तुम्ही म्हणताय. माझंही अगदी हेच झालं होतं. कॅबिनेट उघडून कार्डाच्या मागच्या कडेला बघा, मोलेक्स किंवा साटा पॉवरचा, म्हणजे वीज जोडायचा सॉकेट असेल. त्यात एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर लावाच. मी तो मोकळाच ठेवला होता. वायर लावली त्या दिवसापासून डिस्क एकदाही सुटली नाही.

वेगाचं म्हणाल तर पीसीआय एक्सप्रेस २.० च्या एक्स१ स्लॉटमधून (मदरबोर्डवर हे कार्ड बसतं ती छोटी खाच) सेकंदाला जास्तीत जास्त ५०० एमबी, १.० असेल तर २५०. फिरत्या डिस्कला तेवढं भरपूर झालं. विंडोज ७ असेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागेल.