म्हशीच्या ग्रॅन्युलोसा पेशी: व्हीईजीएफ मोजताना जीएपीडीएचच हलतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.व्ही.एस्सी.च्या प्रबंधासाठी कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशीच्या अंडाशयांतल्या ग्रॅन्युलोसा पेशी (फॉलिकलमध्ये, म्हणजे बीजांडाच्या पिशवीत, बीजांडाभोवती असणाऱ्या पेशी) वाढवते आहे. फॉलिकलमध्ये नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं व्हीईजीएफए हे जनुक एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) दिल्यावर आणि ऑक्सिजन कमी केल्यावर किती वाढतं, ते आरटी-क्यूपीसीआरने (आरएनएवरून जनुक किती चालू आहे ते मोजणाऱ्या चाचणीने) बघायचंय. तुलनेसाठी स्थिर धरलेलं जनुक म्हणून जीएपीडीएच घेतलंय.

अडचण अशी की ५% ऑक्सिजनच्या प्लेटमध्ये जीएपीडीएचचा सीटी (कितव्या चक्रात संकेत दिसतो तो आकडा; कमी म्हणजे जनुक जास्त) दोन-अडीचने खाली येतो, आरएनए तेवढाच घेऊनही. नंतर वाचलं, ऑक्सिजन कमी झाला की एचआयएफ-१ (कमी ऑक्सिजनमध्ये जागा होणारा जनुक-नियंत्रक) ग्लायकोलिसिसची, म्हणजे साखर फोडण्याची, जनुकं वाढवतो, जीएपीडीएच त्यांतलंच, आणि व्हीईजीएफसुद्धा तोच वाढवतो. म्हणजे मापायची पट्टीच ताणली गेलीय! आधी तीन आठवडे मी पिपेटलाच दोष देत होते.

तुलनेसाठी जीएपीडीएचऐवजी आरपीएल१९ आणि १८एस कुणी म्हशीच्या पेशींत वापरलंय का? १८एस फार लवकर दिसतं, म्हणजे व्हीईजीएफएच्या मानाने फारच जास्त असतं, म्हणून जरा धाकधूक आहे.

दुसरं म्हणजे, १०% सीरममध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशी पसरट होऊन ल्युटिनाइझ होतात (पीतपिंडाच्या पेशींसारख्या बनतात), सीवायपी१९ए१ (इस्ट्रोजेन बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक) जवळपास दिसेनासं होतं. सीरम काढून इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम घातलं तर पेशी प्लेटला धरतील का? की पहिले २४ तास सीरम ठेवूनच बदलावं?