'नेटिव्ह एक्स्टेंशन'ला मराठीत काय म्हणावं?

कॉलेजरोडची अनुवादक
नाशिकमधल्या एका तंत्रनिकेतनासाठी पायथॉनची मराठी पुस्तिका करते आहे. 'क्रॉस-प्लॅटफॉर्म नेटिव्ह एक्स्टेंशन मॉड्यूल' या प्रकरणापाशी अडले. पायथॉनमध्ये हळू चालणारा आकडेमोडीचा भाग सी भाषेत लिहायचा, कंपाइल करायचा आणि नेहमीच्या 'इम्पोर्ट'ने वापरायचा, असा विषय. जुन्या आवृत्तीत याला 'सर्व संगणकांवर चालणारा देशी विस्तार' म्हटलंय. ते वाचून मुलांनी प्रयोगशाळेतल्या लिनक्सवर तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर घेतली, घरच्या विंडोजवर टाकली, आणि ती लोडच होईना. शब्दांनीच त्यांना फसवलं. 'नेटिव्ह'ला काय सुचवाल?

भगूरकर
'स्थानिक'. एक्स्टेंशन म्हणजे विस्तार, मॉड्यूल म्हणजे घटक, क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे बहुमंची. 'बहुमंची स्थानिक विस्तारघटक'. सुरुवातीला जड वाटेल, पण 'दिनांक' आणि 'महापौर' हेही एकेकाळी नवेच होते. ते सावरकरांनी दिले, आणि सावरकर आमच्या भगूरचे. शब्द वापरलाच नाही तर रुळेल कसा?

इंदिरानगर सीवाला
काका, 'स्थानिक' अडवून ठेवलाय. फंक्शनच्या आतल्या लोकल व्हेरिएबलला मुलं 'स्थानिक चल' म्हणतात.

आणि मुळात नेटिव्ह कुणाचं, ते बघा. पायथॉनच्या बाजूने पाहिलं तर हे परकंच आहे. ते नेटिव्ह आहे प्रोसेसरचं आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं: इंटरप्रिटर, म्हणजे पायथॉनच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्राम, मध्ये न येता प्रोसेसर ज्या सूचना थेट पाळतो, त्यांत उतरलेलं. 'देशी' वाचून मुलगा नेमकं उलटं समजतो. मला 'यंत्रभाषी' बरा वाटतो.

'क्रॉस-प्लॅटफॉर्म' हा गुण सोर्सचा, म्हणजे आपण लिहिलेल्या सी कोडचा. कंपाइल केलेली फाइल प्रत्येक ठिकाणी वेगळी बांधावी लागते. विंडोजवर ती पीवायडी प्रकारची, म्हणजे मुळात डीएलएल ही तिथली लायब्ररी फाइलच. लिनक्सवर एसओ. मॅकवरसुद्धा एसओच, मॅकची नेहमीची लायब्ररी फाइल असते ती डायलिब नाही. इथे बरेच जण अडखळतात. सोर्स एक असला तरी तो सगळीकडे सारखा वागेल असंही नाही. सीमधला 'लाँग' ६४ बिटी लिनक्स आणि मॅकवर ६४ बिटांचा, पण ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचाच. मोठी बेरीज तिथे कसलीही तक्रार न करता बिघडते. म्हणून सीमध्ये नेमक्या मापाचे प्रकार वापरायचे, हे त्या प्रकरणात ठळक छापा, ताई. त्यात पायथॉनची आवृत्ती आली: ३.११साठी बांधलेलं मॉड्यूल ३.१२वर सहसा चालत नाही. ३.२पासून 'स्टेबल एबीआय'ची, म्हणजे एकदा बांधलेलं मॉड्यूल पुढच्या आवृत्त्यांवरही चालण्याची सोय आहे, पण त्यासाठी पायथॉनच्या सी एपीआयच्या (सीमधून वापरायच्या फंक्शनांच्या) मर्यादित भागातच राहावं लागतं.

नुसता वाचक
'नेटिव्ह' तसाच ठेवला तर काय बिघडतं? लग्नाच्या बायोडेटात 'नेटिव्ह प्लेस' लिहितोच की आपण.

भगूरकर
इंग्रजी अमदानीत 'नेटिव्ह' म्हणजे आपण, आणि तो शब्द ज्या सुरात उच्चारला जाई तो आमच्या वाडवडिलांनी ऐकलाय. मला तो नको.

कॉलेजरोडची अनुवादक
सीवालादादा, 'यंत्रभाषी' कळतो, पण मशीन लँग्वेजला 'यंत्रभाषा' म्हणतात. मुलांना वाटेल की ते हातानेच यंत्रभाषेत लिहायचंय.

मेरीजवळचा
इंग्रजीत तरी एकच शब्द कुठे आहे? पायथॉनच्या अधिकृत माहितीत बहुतेक ठिकाणी नुसतं 'एक्स्टेंशन मॉड्यूल' आहे. रूबी भाषेचं जेम, म्हणजे पॅकेज, बसवताना 'नेटिव्ह एक्स्टेंशन' बांधत असल्याची ओळ येते, जावास्क्रिप्टच्या नोडवाले 'ॲडऑन' म्हणतात, लुआ भाषेत 'सी लायब्ररी'. 'नेटिव्ह' गाळा, 'सी-विस्तार' म्हणा.

इंदिरानगर सीवाला
सीऐवजी रस्ट भाषेत लिहिलं तर?

निफाडचा बागाईतदार
आमच्याकडे याला तयार शब्द आहे. द्राक्षात डॉगरीज जातीचा खुंट लावतात आणि त्यावर थॉमसन जातीच्या काडीचं कलम भरतात. मुळं एका जातीची, घड दुसऱ्या जातीचे, पण वेल एकच. खुंट आणि काडी जुळली नाहीत तर कलम फुटतच नाही, तशीच तुमची लिनक्सची फाइल विंडोजवर. इंटरप्रिटर हा खुंट. 'कलमी घटक' म्हणा, जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला समजेल.

कॉलेजरोडची अनुवादक
हे फार आवडलं. जुळणीची अट शब्दातच येते.

भगूरकर
कलम अरबी आहे. इंग्रजी काढून अरबी आणायचं?

मेरीजवळचा
संस्कृतातही 'कलम' आहे, लेखणी आणि भाताची एक जात अशा अर्थांनी. अरबी 'क़लम' ग्रीक 'कालामोस'वरून आला, म्हणजे बोरू. मग शब्द कुणाचा ठरवायचा?

नुसता वाचक
कायद्याचंही कलम असतं. 'कलमी घटक' वाचून मला संविधान आठवेल.

निफाडचा बागाईतदार
संदर्भ असतो ना भाऊ. आपण गोदावरीला गंगा म्हणतो. 'गंगेवर जाऊन आलो' म्हटल्यावर नाशिकमध्ये कुणी काशीचं तिकीट विचारत नाही.

भगूरकर
गंगा हे श्रद्धेचं नाव आहे, त्याची तुलना पारिभाषिक शब्दाशी नको. परिभाषेत एका शब्दाला एकच अर्थ हवा, नाहीतर परीक्षेत मुलांचे गुण जातात.

कॉलेजरोडची अनुवादक
आणि 'क्रॉस-प्लॅटफॉर्म'चं काय करू? 'बहुमंची कलमी घटक' लिहिलं तर मुलं पुन्हा तीच फाइल घेऊन फिरतील.

इंदिरानगर सीवाला
ते विशेषण शीर्षकातून काढा. 'एक सोर्स, प्रत्येक प्रणालीसाठी वेगळी बांधणी' असं पहिल्याच वाक्यात लिहा.

देवगडहून नाशकात
एक शंका. 'कलम भरतात' हे मी इथेच ऐकलं. आमच्याकडे आंब्याचं कलम बांधतात.

निफाडचा बागाईतदार
द्राक्षात भरतातच. खुंटाला चीर देऊन त्यात पाचर भरायची, मग वरून पट्टी बांधायची. बांधणं नंतरचं.

देवगडहून नाशकात
पाचर आम्हीही मारतो, तरी सगळ्या कामाला बांधणंच म्हणतो. भरतात ती बरणी.

भगूरकर
'बांधणे' शुद्ध वाटतं. संस्कृत 'बन्ध्'.

निफाडचा बागाईतदार
'भरणे' काय इंग्रजीतून आलंय का, काका?